टॉर्कचा आकडा कसा वाचायचा आणि घाटात कसा वापरायचा: डिझेल गाडी आणि पेट्रोल स्पोर्ट्स कार

टोयोटा फॉर्च्युनरचं २.८ लिटरचं डिझेल इंजिन ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत ५०० न्यूटन मीटर (एनएम) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. २०२१ च्या पोर्शे ९११ जीटी३ चं ४ लिटरचं पेट्रोल इंजिन देतं ४७०. नुसत्या या आकड्यावर गेलं तर साताऱ्यात वरातीपुढे उभी असलेली फॉर्च्युनर पोर्शेला भारी पडायला हवी. ती पडत नाही, कारण पॉवरला फॉर्च्युनर २०४ पीएसची (पीएस म्हणजे जवळपास एचपीच) आहे आणि जीटी३ ५१० पीएसची.

गाडी घेताना, घाटात गिअर निवडताना किंवा 'गाडी ओढत नाही' म्हणून गॅरेजला जाताना याच ठिकाणी घोळ होतो. टॉर्कच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, छापलेला असतो आणि तो कुणी वाचत नाही.

विहिरीवरचं इंजिन आणि स्प्लेंडर

सांगली जिल्ह्यात ज्यांनी विहिरीवरचं ५ एचपीचं डिझेल इंजिन हँडल मारून चालू केलंय, त्यांना टॉर्क वेगळा शिकवायची गरज नाही. ते इंजिन १५०० आरपीएमवर ५ एचपी, म्हणजे ३.७ किलोवॅट देतं. हिशेब केला तर टॉर्क येतो साधारण २३.५ एनएम. हिरो स्प्लेंडर प्लसचं ९७.२ सीसीचं इंजिन देतं ८.०५ एनएम, तेही ६००० आरपीएमवर. टॉर्क जवळजवळ एक तृतीयांश. पण स्प्लेंडर ८ पीएसची आहे, म्हणजे पॉवरला विहिरीवरच्या इंजिनापेक्षा दीडपट.

आता स्प्लेंडरचे ६००० फेरे गिअर लावून १५०० वर आणले, तर टॉर्क चौपट होतो: ८.०५ गुणिले ४, म्हणजे ३२ एनएम. घर्षणात थोडा गेला तरी विहिरीवरच्या इंजिनापेक्षा जास्तच उरतो. म्हणजे बाईकचं इंजिन पंप फिरवू शकतं. रात्रभर उसाला पाणी पाजायला मात्र ते टिकणार नाही, कारण ते पूर्ण लोडवर आठ-आठ तास चालण्यासाठी बनवलेलंच नाही. विहिरीवरचं इंजिन जड असतं ते त्यासाठी.

डिझेल गाडी आणि स्पोर्ट्स कार यांच्यातला झगडा मुळात एवढाच आहे. एक हळू फिरून जास्त जोर लावतं, दुसरं भराभर फिरतं आणि गिअर त्या फेऱ्यांचं जोरात रूपांतर करतो.

हिशेब कसा करायचा

एकच सूत्र पाठ करा: टॉर्क एनएममध्ये घ्या, त्याला आरपीएमने गुणा, ७०२४ ने भागा. उत्तर पीएसमध्ये येतं. किलोवॅट हवे असतील तर ९५४९ ने भागा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम.

आता ब्रोशर उघडा. त्यात टॉर्कचा आरपीएम आणि पॉवरचा आरपीएम असे दोन आरपीएम असतात. दोन्ही ठिकाणी सूत्र लावा. फॉर्च्युनर ऑटोमॅटिकचा ५०० एनएम टॉर्क १६०० ते २८०० पर्यंत सपाट आहे. २८०० वर पॉवर निघते १९९ पीएस, म्हणजे जवळपास सगळी. ३४०० वर २०४ पीएस असतील तर तिथे टॉर्क ४२१ वर उतरलेला असतो. त्यापुढे रेस देऊन आवाजाशिवाय फारसं काही मिळत नाही.

जीटी३ चे ४७० एनएम येतात ६१०० वर, म्हणजे तिथे ४०८ पीएस. ८४०० वर ५१० पीएस असताना टॉर्क ४२६ राहतो. चाकं दोन्ही गाड्यांची सारख्याच वेगाने फिरतायत असं धरा, एकीचं इंजिन २८०० वर आणि दुसरीचं ८४०० वर. पोर्शेचं इंजिन तिप्पट फिरतंय, म्हणजे तिला तिप्पट खोल, फेरे कमी करून जोर वाढवणारा, गिअर लावता आला. ४२६ गुणिले ३, म्हणजे फॉर्च्युनरच्या ५०० समोर पोर्शेचे १२७८ उभे राहतात. वर पोर्शेचं वजन दीड टनाच्या आत आणि फॉर्च्युनर दोन टनांच्या वर.

आपल्याकडे सेकंडहँड बाजारात भरपूर दिसणारी २०१८ ची स्विफ्ट घ्या. डिझेल: २००० वर १९० एनएम, ४००० वर ७५ पीएस. पेट्रोल: ४२०० वर ११३ एनएम, ६००० वर ८३ पीएस. डिझेलचा टॉर्क पेट्रोलच्या जवळपास पावणेदोन पट, पण पॉवर ८ पीएसने कमीच. ४००० वर डिझेलच्या टॉर्कची १३२ वर घसरण झालेली असते. म्हणून ही गाडी २००० ला 'काय उचलते' म्हणावी अशी आणि ४००० ला थकलेली वाटते. याच्या दुसऱ्या टोकाला १९९९ ची होंडा एस२०००: २ लिटर, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नाही, २१८ एनएम. म्हणजे डिझेल स्विफ्टपेक्षा फक्त २८ जास्त. पण ते २१८ येतात ७५०० वर, आणि जपानी मॉडेल ८३०० वर २५० पीएस देतं.

टॉर्क डिझेलमुळे की टर्बोमुळे?

चहाच्या टपरीवर यावर वाद झाला की 'डिझेलचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) लांब असतो म्हणून टॉर्क जास्त' हे उत्तर हमखास येतं. ते अर्धवट आहे. सीसी तेवढीच ठेवून स्ट्रोक लांबवला तर बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, कमी होतो, पिस्टनचं क्षेत्रफळ घटतं आणि ढकलणारा जोरही घटतो. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. टॉर्क ठरतो तो सिलेंडरमधल्या सरासरी दाबावर आणि सीसीवर.

ताडून बघायचं तर टॉर्कला लिटरने भागा. विहिरीवरचं ८० बाय ११० मिमीचं, ५५३ सीसीचं बिनटर्बोचं डिझेल इंजिन: लिटरमागे ४२ एनएम. हे रेटिंग सलग चालण्याचं आहे, म्हणून मुद्दाम कमी ठेवलेलं. तरी टर्बो नसलेलं डिझेल काही चमत्कार करत नाही हे दिसतंच. स्प्लेंडर: ८३. पेट्रोल स्विफ्ट: ९४. एस२०००: १०९. जीटी३: ११८. डिझेल स्विफ्ट: १५२. फॉर्च्युनर: १८१. आणि फोक्सवॅगन व्हर्टस जीटीचं १.५ लिटरचं टर्बो पेट्रोल: १६७. ह्युंदाई क्रेटाच्या १.५ डिझेलचंही अगदी तेवढंच, १६७. दोघांचाही टॉर्क २५० एनएम.

म्हणजे उडी मारली ती टर्बोने. डिझेलला टर्बो जास्त मानवतो याचं कारण वेगळं आहे. डिझेलमध्ये आधी नुसती हवा दाबली जाते आणि इंधन अगदी शेवटी फवारलं जातं. त्यामुळे वेळेआधी पेट घ्यायला तिथे काही नसतंच. टर्बोने कितीही हवा कोंबा, नॉकिंगची भीती नाही. पेट्रोलमध्ये हवा आणि इंधन एकत्र दाबलं जातं, जास्त दाबलं की मिश्रण स्पार्कची वाट न बघता फुटतं. शिवाय डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा थंड असतो, म्हणून त्यात पाती वळवता येणारा व्हीजीटी टर्बो स्वस्तात बसतो आणि १५००-१६०० लाच हवा भरायला लागतो.

लांब स्ट्रोकचा परिणाम होतो तो वरच्या टोकाला. फॉर्च्युनरचा स्ट्रोक १०३.६ मिमी. ४००० आरपीएमवर पिस्टन सेकंदाला सरासरी १३.८ मीटर धावतो. जीटी३ चा स्ट्रोक ८१.५ मिमी आणि रेडलाइन, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, ९०००, तिथे हाच वेग २४.४ मीटर. डिझेलचा पिस्टन जास्त दाब सोसण्यासाठी जाड आणि जड करावा लागतो; तो इतक्या वेगाने पळवला तर कनेक्टिंग रॉड तुटेल. त्यात डिझेलला फवारून, मिसळून, जळायला वेळ लागतो. म्हणून साडेचार-पाच हजाराला डिझेलचा खेळ संपतो.

शर्यतीत डिझेल चालत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. २००६ ला ल मान्सची २४ तासांची शर्यत ऑडी आर१० टीडीआयने जिंकली. साडेपाच लिटरचं व्ही१२ डिझेल, टॉर्क ११०० एनएमच्या वर. ल मान्स जिंकणारी ती पहिली डिझेल गाडी.

घाटात कोणता गिअर

इथे टॉर्कचा आकडा खिशातून बाहेर काढून वापरायचा. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीचा जुना घाट, वाईवरून पाचगणीला पसरणी, साताऱ्याहून कासला यवतेश्वर, पाटणवरून चिपळूणला कुंभार्ली: आरपीएमचं गणित सगळीकडे तेच.

चार माणसं आणि भरलेली डिकी धरून गाडी १४०० किलोची, चढ ६ टक्के, वेग ताशी ५०. चढाला ८२४ न्यूटन, टायरच्या घर्षणाला साधारण १६५, हवेला ७५. एकूण १०६४. सेकंदाला १३.९ मीटरने गुणलं की १४.८ किलोवॅट, गिअरबॉक्समध्ये जाणारा दहा टक्के तोटा धरून इंजिनाला लागतात १६.४.

हेच १६.४ किलोवॅट २००० आरपीएमवर हवे असतील तर टॉर्क लागतो ७८ एनएम. ३५०० वर हवे असतील तर फक्त ४५.

डिझेल स्विफ्टकडे २००० वर १९० आहेत. ७८ काढून घेतले तरी निम्म्याहून जास्त शिल्लक. पायाखाली दम राहतो, ओव्हरटेकसाठी गिअर बदलावा लागत नाही. पेट्रोल स्विफ्टकडे २००० वर शंभरीच्या आतबाहेर काहीतरी असतं, त्यातले ७८ चढच खातो. अ‍ॅक्सिलरेटर तळाला जातो, गाडी गुरगुरते, मागच्या सीटवरून 'पेट्रोलला दमच नाही' असा शेरा येतो. दोन गिअर खाली घेऊन ३५०० वर आणा. तिथे ११० च्या आसपास उपलब्ध आणि गरज ४५ ची. गाडी तीच, फक्त गिअर खालचा.

ताशी वेग तोच असताना ३५०० वर इंजिन 'फाटेल' ही भीती डिझेल चालवून आलेल्यांना असते. पेट्रोल इंजिनाला ३५०० म्हणजे रोजचं जेवण आहे.

डिझेल चालवताना

चढावर आरपीएमचा काटा १६०० ते २५०० मध्ये ठेवा. १४०० च्या खाली अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरू नका. तिथे टर्बोत हवा नसते, इंजिन फक्त आपल्या सीसीवर चालतं, आणि १.३ लिटरचं बिनहवेचं डिझेल पेट्रोल स्विफ्टपेक्षाही मंद असतं. त्यातच गाडी थरथरते. हे थरथरणं ड्युअल मास फ्लायव्हीलच्या (इंजिनाचे धक्के शोषणाऱ्या दोन भागांच्या जड चाकाच्या) आतल्या स्प्रिंगांवर बसतं. ज्या गाडीत ते आहे तिथे पुढे गाडी बंद करताना खडखड आवाज सुरू होतो, आणि क्लचसोबत फ्लायव्हील बदलायचं बिल येतं.

पसरणीच्या हेअरपिनला हीच चूक सगळ्यात जास्त होते. वळणात वेग पडून १५ ला आला, गाडी दुसऱ्या गिअरमध्येच आहे, काटा ११००-१२०० ला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, काही झालं नाही, घाबरून क्लच अर्धा दाबला. तिथून क्लच प्लेट जळायला सुरुवात. त्यामुळे क्रम असा ठेवा: वळणाच्या आधी ब्रेक मारून वेग कमी करा, गाडी जवळपास थांबतेय असं वाटलं तर वळणात शिरण्याआधीच पहिला टाका, वळताना १५००-१८०० राहतील इतका हलका अ‍ॅक्सिलरेटर द्या, गाडी सरळ झाली की दुसरा. क्लचवर गाडी तोलून धरायची नाही, हँडब्रेक त्यासाठीच आहे.

इस्लामपूर-सांगली रस्त्यावर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे ताशी २५ ने तिसऱ्या गिअरमध्ये चालत असाल तर काटा बाराशे-तेराशेला असतो. समोर मोकळं दिसलं आणि तसाच अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर दोन सेकंद काही होत नाही, मग एकदम टर्बो लागतो आणि तोवर समोरून एसटी आलेली असते. ट्रॉलीला बगल द्यायच्या आधीच दुसरा टाका, काटा १८००-२००० वर येऊ द्या, मग निघा.

घाट चढून कासला किंवा पाचगणीला पोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. मिनिटभर निवांत चालू ठेवा. टर्बोचा शाफ्ट तापलेला असतो आणि तेल थांबलं की तिथेच करपतं. उतरताना, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेलला पेट्रोलसारखी अडवणूक करणारी थ्रॉटल नसल्याने इंजिन ब्रेकिंग वाटतं तेवढं मिळत नाही; वरच्या गिअरमध्ये सोडलेली गाडी ब्रेक पॅड तापवते.

बीएस६ डिझेल गाडी फक्त सांगली-मिरज गावातल्या गावात चालवत असाल तर आणखी एक. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, जाम होतो. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं सलग, २००० च्या वर काटा ठेवून हायवेला चालवा. कमी आरपीएमवर टॉर्क मिळतो म्हणून कायम १४००-१५०० लाच फिरणाऱ्या गाड्यांचा डीपीएफ आधी भरतो.

पेट्रोल स्पोर्ट्स कार चालवताना

बिनटर्बोच्या स्पोर्ट्स इंजिनात टॉर्क चढत जातो, एकदम येत नाही. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ४००० ते ६००० मध्ये राहणं हीच तिची सामान्य जागा. पण तेल गरम झाल्यावरच. पाण्याचा काटा मध्ये आला म्हणजे तेल तापलं असं नसतं. तेलाला साधारण दुप्पट वेळ लागतो. तेलाचं तापमान दाखवणारं मीटर असेल तर ८० अंश दिसेपर्यंत ४००० च्या वर जाऊ नका. साताऱ्यातून निघून यवतेश्वरचा घाट लगेच सुरू होतो. हिवाळ्यात सकाळी तिथे थंड इंजिन ताणणं म्हणजे बेअरिंगवर कोरडा मार.

खालचा गिअर टाकताना फेरे जुळवून घ्या. तिसऱ्यात ३५०० असतील तर दुसऱ्यात ५००० च्या आसपास लागतील. क्लच दाबा, अ‍ॅक्सिलरेटरला एक टिचकी द्या, काटा वर उडाला की गिअर टाकून क्लच सोडा. न जुळवता सोडला तर मागची चाकं क्षणभर अडकतात, आणि पावसात ओल्या वळणावर गाडी शेपूट फिरवते.

एक चूक इंजिनाचा जीव घेते: पाचव्यातून चौथा टाकायचा तो घाईत दुसरा पडणं. वर रेस दिली तर ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) रेडलाइनला इंधन तोडतो, पण चाकांनीच इंजिन फिरवलं तर ईसीयूच्या हातात काही नसतं. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात.

टर्बो पेट्रोल गाडी या दोघांच्या मधली. व्हर्टस जीटीचे २५० एनएम १६०० ते ३५०० पर्यंत, पण पॉवर १५० पीएस, तीही ५००० ते ६००० पर्यंत टिकून. क्रेटा डिझेलचा टॉर्क २७५० नंतर उतरायला लागतो, हिची पॉवर ६००० पर्यंत टिकते. मात्र वरच्या गिअरमध्ये १५०० ला अ‍ॅक्सिलरेटर तळाला नेणं इथे डिझेलपेक्षाही वाईट. दाब मोठा, फेरे कमी, मिश्रण वेळेआधी फुटतं. कधीकधी एकाच धक्क्यात पिस्टनची कड तुटते. गिअर खाली घ्या, मग दाबा.

उंचीचा हिशेब

सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, सातारा सातशेच्या आसपास, महाबळेश्वर साधारण १३५०. दर शंभर मीटरला हवा जवळपास एक टक्का विरळ होते. महाबळेश्वरला बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क बारा टक्क्यांनी खाली येतो: स्विफ्टचे ११३ तिथे ९९-१०० उरतात. टर्बोवाली गाडी जास्त हवा ओढून ही तूट भरून काढते. पण टर्बो लागायच्या आधी तिलाही विरळ हवाच मिळते, म्हणून केळघर किंवा आंबेनळीत चढावर गाडी सुरू करताना डिझेल जास्त वेळा बंद पडतं. तिथे नेहमीपेक्षा दोनशे-तीनशे आरपीएम जास्त देऊन क्लच सोडा.

आपल्या गाडीचा टॉर्क खरंच मिळतोय का

ओबीडीचं (गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लागणारं) ब्लूटूथ यंत्र आणि मोबाईल अ‍ॅप एवढ्यावर काम होतं. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, बघा. बाहेरच्या हवेचा दाब दिसला पाहिजे: सांगलीत ९५ किलोपास्कलच्या आसपास, साताऱ्यात ९३, महाबळेश्वरला ८६. यापेक्षा चार-पाचने वेगळं दिसलं तर आधी सेन्सर साफ करा, बाकी निदान नंतर.

मग मोकळ्या सपाट रस्त्यावर, शेजारी दुसरा माणूस बसवून, तिसऱ्या गिअरमध्ये १८०० ते २५०० पर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. टर्बो डिझेलला २०० ते २५० किलोपास्कल दिसायला हवेत. १३०-१५० वर अडकलं तर हवा कुठेतरी निसटतेय, नाहीतर टर्बोची पाती हलत नाहीत.

यंत्र नसेल तर घड्याळ चालेल. तिसऱ्यात ताशी ४० ते ८० ला किती सेकंद लागले ते मोजा, दोन्ही दिशांना करून सरासरी घ्या म्हणजे रस्त्याचा उतार वजा होतो. १४०० किलोच्या गाडीला या वेगवाढीत २५९ किलोज्यूल लागतात. ९ सेकंद लागले तर सरासरी २८.८ किलोवॅट. हा आकडा लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तेवढ्याच वजनाने पुन्हा मोजलं आणि ९ चे ११ झाले, तर गाडी थकली की तुमच्या मनाचा खेळ, याचा निकाल लागतो.

ओढ गेली तर काय तपासायचं

डिझेलमध्ये क्रम असा. पहिला एअर फिल्टर. ऊस तोडणीच्या दिवसांत धुळीच्या रस्त्यांवर तो पुस्तकातल्या किलोमीटरच्या निम्म्यातच भरतो. मग इंटरकूलरकडे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारे रबरी होज. हात फिरवा, सांध्यावर काळा तेलकट चिखल साचला असेल तर क्लिप ढिली आहे किंवा होज चिरलाय. रेस देताना सूं आवाज आणि मागे काळा धूर ही त्याची खूण, कारण इंधन मोजून पडतं आणि हवा वाटेत निघून जाते. त्यानंतर टर्बोची पाती हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरची व्हॅक्यूम नळी. दहा रुपयांच्या फाटक्या नळीसाठी टर्बो बदलल्याची उदाहरणं कमी नाहीत. खालचा दम गेला पण ३००० नंतर गाडी बरी चालते, तर पाती काजळीने उघड्या स्थितीत अडकल्यात. उलट खाली बरी पण ३००० च्या वर जातच नाही आणि इंजिनाचा दिवा लागलाय, तर ईसीयूने हात आखडता घेतलाय. कोड वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

क्लच तपासायला डिझेलसारखी गाडी नाही. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये १८०० ला पूर्ण दाबा. काटा भर्रकन २५०० ला गेला आणि वेग तेवढा वाढला नाही, तर प्लेट घसरतेय. पेट्रोलमध्ये टॉर्क कमी असल्याने हीच झिजलेली प्लेट आणखी बरेच दिवस लपून राहते.

पेट्रोल स्पोर्ट्स इंजिनात वरची ओढ गेली तर आधी तेलाची पातळी बघा. व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते. तेल कमी किंवा सोलेनॉइडची जाळी तुंबली की वरचे दोन हजार आरपीएम मेलेले वाटतात. नंतर इग्निशन कॉइल आणि प्लग. आणि टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेला ऑक्टेन: त्यापेक्षा हलकं पेट्रोल भरलं तर नॉक सेन्सर स्पार्क मागे खेचतो आणि टॉर्क गपचूप कमी होतो, दिवाही लागत नाही.

रिमॅप करून टॉर्क वाढवणं

डिझेलमध्ये लॅपटॉप लावून, ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून (हाच रिमॅप) २५० चे ३२० करता येतात, ते खोटं नाही. पण गिअरबॉक्स आणि क्लच २५० आणि थोड्या सवलतीच्या हिशेबाने बसवलेले असतात. त्याच फॉर्च्युनर इंजिनाला मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत ५०० ऐवजी ४२० एनएमच दिले आहेत, यावरून अंदाज घ्या. करायचंच असेल तर २००० च्या खाली टॉर्क वाढवू नका असं करणाऱ्याला स्पष्ट सांगा. तिथला वाढीव टॉर्क कनेक्टिंग रॉड आणि फ्लायव्हीलवर सगळ्यात जास्त बसतो. वाढ २५०० ते ३५०० मध्ये घेतली तर पॉवर वाढते आणि यंत्रावर ताण कमी पडतो. त्यानंतर वरची क्लच चाचणी दर महिन्याला करा, आणि गॅरंटी संपली असं धरूनच पैसे मोजा.